वहिनी बाहेर गेल्या की गोल

बसच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला सोपानराव स्वतः वाकले, तेव्हा माझा नवरा नागसेन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लिंबू चिरडून बस पळत असती तर लोकांनी डिझेल कशाला भरलं असतं?" मला हसू आलं. आमच्या घरात लिंबू फक्त वरणावर पिळायला असतं. सासर तसंच आणि माहेरही तसंच. बाबासाहेबांनी सांगितलं ते सांगितलं, त्यावर पुन्हा चर्चा नाही. नागसेन तर इतका पक्का की आमच्या लेकीला, मैत्रीला, शेजारच्या कुणी काजळाची तीट लावली तर तो ती ओल्या फडक्यानं पुसायचा आणि लावणाऱ्या बाईला वर भाषण द्यायचा.

सोपानराव म्हणजे आमच्या घोडनदी एफसीचे मॅनेजर. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, म्हणून टीमचं नाव तसं. पोरं हौशी नाहीत, पगारी आहेत. कुणी बंगालमधून आलाय, कुणी कोल्हापूरहून, एक-दोन आपल्या इकडचे. भीमाकाठ लीगमधली आमची शेवटची मॅच त्या दिवशी दौंडला होती, दौंड जंक्शन नावाच्या टीमशी. जिंकलो तर सेमीफायनल. बरोबरी झाली तरी घरी.

आणि मी त्या बसमधून जाणार होते. टीमच्या बसमधून, टीमबरोबर! आठवडाभर आधी सोपानरावांनी चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, 'दौंडच्या सामन्यासाठी टीमसोबत प्रवासाचा मान आपल्या एकनिष्ठ चाहत्या सौ. राजश्री नागसेन यांना.' खाली हात जोडलेली, टाळ्या वाजवणारी, फुटबॉलची पन्नास चिन्हं. सासूबाईंनी तर गल्लीत सांगून टाकलं. मी टीमचा निळा जर्सी शर्ट रात्री इस्त्री करून ठेवला. मनात एकच होतं. आज मी गोल बघणार.

हे कुणाला हास्यास्पद वाटेल. पण मैत्री झाल्यापासून, म्हणजे दहा महिने, मी एकही गोल डोळ्यांनी बघितलेला नव्हता. मॅच एकही चुकवली नाही. घरच्या मैदानावरच्या सगळ्या मॅचना मी मैत्रीला घेऊन गेले. टोपी, कानाला कापूस, उकळून गार केलेल्या पाण्याचा थर्मास, थर्मामीटर, दोन झबली, सगळं घेऊन. चाकणच्या टीमबरोबर खेळताना तिचा डायपर बदलायला गेले आणि मागून गर्जना आली. बारामतीच्या वेळी ढोल वाजला, ती दचकली, तिला घेऊन रसाच्या गाड्यापर्यंत गेले आणि पुन्हा गर्जना. गोल झाल्याचा आवाज पाठीवर कसा आदळतो ते मला विचारा. वळून बघावं तर पोरं एकमेकांच्या अंगावर चढलेली, बॉल जाळीतून काढून कुणीतरी मध्ये नेतोय. संपलं. "मोबाइलवर बघता येतो की नंतर," नागसेन म्हणायचा. येतो. पण मोबाइलवर बघताना तो होणार हे माहीत असतं. मग त्यात बघायचं काय?

मी दौंडची. आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर बसवून रेल्वेच्या मैदानावर न्यायचे. बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मला ऑफसाइड कळत होता. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला असताना मी मॅच बघता बघता मित्रमैत्रिणींना सगळं सांगत बसायचे. नागसेन तिथेच भेटला, माझी बडबड ऐकत. तेव्हा त्याला गोलकिक आणि कॉर्नर यातला फरकही मी शिकवला. आता तो टीमच्या चाहत्यांच्या ग्रुपचा ॲडमिन आहे आणि मी डायपरची पिशवी घेऊन रसाच्या गाड्यापाशी उभी असते.

तर बस निघाली. लिंबू फुटलं. मला ड्रायव्हरच्या मागची खिडकी दिली होती. मी आधी खिडकी नीट लागते का बघितलं, मग तिची फट रुमालानं बुजवली. मागे पोरं गुडघ्यांना दुखण्याचा स्प्रे मारत होती, त्या वासानं मैत्री शिंकली. मी म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना जरा." चारचौघांत मी नागसेनला अहो म्हणते. घरी तो अरे नागसेन असतो.

"अगं प्लेयर आहेत ते. त्यांना काय सांगणार?"

तिच्या कपाळाला हात लावला. गरम वाटलं. दात येत होते तिला. पुन्हा लावला, मग नाही वाटलं.

न्हावरा गेलं. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी हिरवंगार, थांबल्यासारखं दिसलं. तेवढ्यात आमचा गोलकीपर सुबीर पुढे आला, पाण्याची बाटली घ्यायला. बंगाली पोरगा, उंच, फार गोड बोलतो. मैत्रीच्या गालाला बोट लावून मला म्हणाला, "भाभी, आज कब जायेंगे बाहर? फर्स्ट हाफ या सेकंड हाफ?"

मला वाटलं तो बाळाच्या दुधाचं विचारतोय. म्हटलं, "तिला भूक लागेल तेव्हा."

"नहीं नहीं," तो हसला. "एक बार फर्स्ट हाफ में, एक बार सेकंड में. दो गोल चाहिए ना आज."

मागच्या सीटवरून कुणीतरी "ए सुबीर!" म्हणून दबक्या आवाजात ओरडलं. तो बाटली घेऊन मागे गेला. मी नागसेनकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. गंमत करतात ती पोरं."

"कसली गंमत?"

त्यानं मोबाइल खाली केला. "अगं, ते एक असंच चाललंय ग्रुपमध्ये. तू बाळाला घेऊन बाहेर गेलीस की आपला गोल होतो, असं. बारामतीच्या मॅचनंतर कुणीतरी टाकलं. मग सगळे... योगायोग आहे, मलाही कळतं की."

"कुठल्या ग्रुपमध्ये? मी आहे की ग्रुपमध्ये."

"दुसरा आहे एक. टीमचा."

मला काही क्षण कळेचना. मग एकेक सुटं होत गेलं. बारामतीनंतर सोपानराव स्वतः मला रसाचा ग्लास आणून द्यायला लागले होते, "वहिनी, तुम्ही निवांत बसा तिकडं सावलीला." मला वाटायचं, केवढी काळजी घेतात.

"म्हणजे मला या बसमध्ये चाहती म्हणून आणलेलं नाही."

"अगं आहेस की चाहती..."

"बाहेर जायला आणलंय."

मी खिडकीकडे तोंड केलं. आपल्या घरात लिंबू-मिरची बांधत नाहीत, आणि यानं मलाच दोऱ्यात ओवून बसच्या तोंडाला टांगलं होतं. हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. मैत्रीला झोप लागत होती.

चौफुल्याला बस हायवेला लागली आणि वरवंडला थांबली. आमचा स्ट्रायकर ईश्वर तिथला. आदल्या दिवशी घरी गेला होता, तो तिथून चढणार होता. स्टँडवर त्याची आई रतनबाई डबा घेऊन उभी. तिनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आधी पोरावरून, मग बसच्या तोंडावरून उतरवल्या. मग खिडकीतून मी दिसले तर म्हणाली, "आगं बया, केवढं ग्वाड लेकरू! थांब, तिच्यावरनं बी उतरवते."

नागसेन चक्क हसून म्हणाला, "उतरवा की मावशी."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तीट पुसणारा माणूस हा.

ईश्वर चढला तो माझ्यासमोरच्या सीटवर बसला. काळासावळा, मनगटात लाल दोरा, लाजरा. त्याच्याशी मला खरंच बोलायचं होतं, कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि त्याला नव्हती. हे लोक दौंडच्या मैदानावर पहिल्यांदाच खेळणार होते.

"ईश्वर, ऐक. रुळांच्या बाजूचा जो गोल आहे ना, त्याच्यासमोर मुरूम आहे. वरून कडक दिसतो, पण सुटा असतो. पेनल्टीच्या खुणेपाशी तर जास्तच. किक मारताना टेकवायचा पाय सरकतो. लहानपणापासून बघतेय मी, तिथं चांगले चांगले पडलेत. पाय जवळ टेकव, आणि धावत नको येऊस."

"व्हय व्हय, वहिनी," तो म्हणाला. मान डोलावली. मग जरा घुटमळून, "पर तुम्ही आज... म्हंजी बाळाला घिऊन जाताय न्हवं मधी?"

"ईश्वर, मी काय म्हणाले?"

"मुरूम."

"मग?"

"ध्यानात हाय की. पर तुम्ही जावा हां."

त्यापुढे मी कुणाशीच बोलले नाही. पाटसवरून दौंडकडे वळलो, रेल्वेचा पूल दिसला, आणि माहेर आलं याचा आनंदही मला धड झाला नाही.

मैदानावर गर्दी होती. दौंडची माणसं फुटबॉल बघायला घरचं लग्न असल्यासारखी येतात. म्हातारेही येतात, घरून खुर्च्या घेऊन. आमचे शिरूरवाले पन्नासेक जण दोन जीपगाड्यांतून आधीच पोचले होते. कोपऱ्यातल्या पायऱ्यांवर ढोल घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी ढोल वाजवला. वहिनी आल्या, वहिनी आल्या! आधी मला याचा अभिमान वाटायचा.

मी ठरवलं होतं, उठायचं नाही. मैत्रीला गाडीतच पाजलं होतं, डायपर नवा होता. मी तिसऱ्या पायरीवर जागा धरली, तिथून दोन्ही गोल दिसत होते. मॅच सुरू झाली. दौंडवाले जोरात होते. सुबीरनं एक बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. मी मैत्रीला मांडीवर उभं करून म्हटलं, "बघ, बघ." तिनं हात नाचवले. तेवढा वेळ मी सगळं विसरले.

मग ती कुरकुरायला लागली. दात. मी बोटानं हिरड्या चोळल्या. पाणी दिलं, तिनं थुंकलं. तिला जवळ घेतलं तर छातीकडे तोंड नेऊन रडायला लागली, आणि रडणं वाढतच गेलं. मी ओढणी काढली, तिथंच पाजायला घेणार, तर नागसेन वाकून म्हणाला, "इथं नको ना. तो बघ कॅमेरा. लाइव्ह चाललंय यूट्यूबवर."

"ओढणी आहे की."

"तरी पण. सगळे बघतायत."

सगळे बघतच होते. पण माझ्या ओढणीकडे नव्हे. मी उठते की नाही याकडे. बेंचवरून उठून आलेले सोपानराव म्हणाले, "वहिनी, टाकीच्या मागं सावली हाय. खुर्ची ठेवायला सांगतो."

खुर्ची आधीच ठेवलेली होती. मी गेले तेव्हा पाण्याच्या टाकीमागे प्लास्टिकची लाल खुर्ची, वर पुसून ठेवलेली. मी बसले, पोरीला पदराखाली नव्हे, ओढणीखाली घेतलं, आणि मनात म्हणत होते, नको होऊ, आत्ता नको होऊ. स्वतःच्या टीमचा गोल होऊ नये म्हणून मी दात आवळून बसले होते! हिच्या पोटात चार घोट जाऊ देत, मी परत येते, मग होऊ दे.

गर्जना आली. आमच्या कोपऱ्यातून. ढोल, शिट्ट्या, आणि त्यात, मी स्पष्ट ऐकलं, "वहिनी की जय!"

मैत्री दचकून दूध सोडून रडायला लागली. मलाही रडू आलं. मी टाकीला डोकं टेकलं.

मध्यंतराला मी परत आले तेव्हा अनोळखी माणसंसुद्धा मला हात जोडत होती. एका बाईनं माझ्या हातात पेढा ठेवला. ईश्वरनं हेडरनं मारला म्हणे, पोस्टला चाटून. "काय गोल होता, राजश्री!" नागसेन म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुला पटतं का हे?" मी हळू विचारलं.

"मला नाही पटत गं. पण पोरांना पटतं ना. त्यांचं मन लागतं खेळात. त्यांचा विश्वास आहे तर आपलं काय जातं?"

"आपलं काही जात नाही. माझं जातं."

तेवढ्यात आबा आले. निळी टोपी, हातात घरची घडीची खुर्ची. ते आधी दौंडच्या बाजूला बसले होते, अर्थात. मुलगी दुसऱ्या टीमला दिली म्हणून त्यांनी स्वतःची टीम सोडलेली नाही. आमच्या पायरीपाशी येऊन म्हणाले, "काय गं, अशी पिवळी का दिसतीस? रडलीस व्हय?"

"नाही आबा. ऊन."

त्यांनी नागसेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. जास्त विचारलं नाही. हात पुढे केले. "दे तिला हिकडं. मी फिरवून आणतो, रुळावरच्या गाड्या दाखवतो. तू बघ तुझी मॅच. लई दिवसांत बघितली नसशील."

मैत्री आजोबांच्या टोपीवर झेपावली. मी टोपी, कापूस, थर्मास सगळं द्यायला गेले तर आबा म्हणाले, "तुला वाढवली मी, ह्यातलं काय होतं गं?" आणि गेले.

दहा महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते. कुठे ठेवावेत कळेना. मी मांडीवर ठेवले आणि मॅच बघू लागले. एकदा मागे वळून बघितलं, आबा कुंपणापाशी तिला उचलून मालगाडी दाखवत होते. ठीक होतं सगळं. मी पुन्हा समोर बघितलं.

मग खरंच मॅच बघितली. दौंडचा डावीकडचा पोरगा किती वेगात होता, आमची मधली फळी कशी दमून मागे सरकत चालली होती, सगळं मला दिसत होतं. मी नागसेनला सांगत होते, "बघ, मधे केवढी जागा सोडलीय," कॉलेजात सांगायचे तसं. तो हं हं करत होता. आणि मग नेमका त्याच जागेतून दौंडचा पोरगा आत शिरला. सुबीर पुढे आला, पोरानं त्याच्या डोक्यावरून बॉल अलगद उचलला. बॉल हवेत फिरत गेला. एकदा टप्पा पडला. जाळी हलली.

मी गोल बघितला! अख्खा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दहा महिन्यांनी. आणि तो आमच्यावर झाला होता.

आमच्या कोपऱ्यात पन्नास माणसं गप्प. मग एकेक करून मान माझ्याकडे वळली. मैदानातूनही. बेंचवरून सोपानराव हातवारे करत होते, दोन्ही तळवे बाहेरच्या दिशेनं ढकलल्यासारखे. पुढच्या पायरीवरचा एक जण म्हणाला, "वहिनी, बाळ कुठंय?"

"आजोबांकडे."

"आणा की मग. आन् जावा."

"ते खेळतंय. त्याला कशाला आणू?"

"आवो, बाळ नसलं तरी चालंल. तुम्ही जावा."

घ्या! दहा महिने मी समजत होते की बाळामुळे मला मॅच बघता येत नाही.

मी उठले नाही. वेळ सरत होता, बरोबरी होती. माझ्याभोवतीची पायरी हळूहळू रिकामी झाली. लोक दोन हात लांब सरकून बसले, जणू माझ्या अंगाला काही लागलंय. फक्त नागसेन शेजारी, तोही अर्धा.

मग शेवटी शेवटी दौंडच्या डिफेंडरच्या हाताला बॉल लागला. शिट्टी. पेनल्टी. रुळांच्या बाजूच्या गोलवर.

ईश्वरनं बॉल उचलून खुणेवर ठेवला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आणि गोलकडे बघायचं सोडून आमच्या पायऱ्यांकडे बघायला लागला. थांबला. रेफरीनं शिट्टी मारली, तरी थांबला.

"राजश्री," नागसेन म्हणाला, "ऊठ ना. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. टाकीपर्यंत जा फक्त."

"नाही."

"अगं त्या पोराचं करिअर आहे. माझ्यासाठी जा. नंतर बोलू आपण."

"तूच जा ना," मी म्हणाले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "नागसेन, तू जा बाहेर. तू गेल्यावर काय होतं ते मी बघते."

अहो नाही, तुम्ही नाही. पुढच्या पायरीवरच्या माना गर्रकन वळल्या. नागसेनचे कान लाल झाले.

पण तेवढ्यात माझं लक्ष ईश्वरच्या पायांकडे गेलं. तो मागे मागे सरकत होता. लांबून धावत येणार होता. त्या मुरमावर! मी ताडकन उठले आणि ओरडले, "ईश्वर! पाय! पाय जवळ टेकव! मुरूम आहे!"

झालं. मी उठले एवढंच त्यांना दिसलं. "शाब्बास वहिनी! जावा जावा! पळा!" ढोल सुरू झाला, शिट्ट्या सुरू झाल्या, सगळा कोपरा टाळ्या वाजवत माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि माझा आवाज त्यात बुडाला. मी हात हलवत होते, पायाकडे दाखवत होते. त्यांना वाटलं मी निरोप घेतेय. ईश्वर हसला. त्याला हायसं वाटलं असावं. तो धावला.

अर्ध्या वाटेत त्यानं पुन्हा एकदा वर बघितलं. मी तिथंच होते.

त्याचा डावा पाय मुरमात सरकला. थोडासाच. बॉल वर गेला, आडव्या दांड्यावरून, कुंपणावरून, रुळांकडे. आबांच्या डोक्यावरून गेला म्हणे, मैत्रीनं टाळ्या वाजवल्या.

ढोल थांबायला थोडा वेळ लागला, कारण वाजवणाऱ्याची पाठ मैदानाकडे होती.

मॅच बरोबरीतच सुटली. परतीच्या बसमध्ये मला तीच खिडकी मिळाली. कुणी काही बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सोपानराव चढताना फक्त म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. व्हायचं ते व्हतंय." त्यांच्या तोंडात ते शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. सुबीरनं मैत्रीच्या गालाला बोट लावलं नाही. नागसेन मागे पोरांमध्ये जाऊन बसला. मैत्री माझ्या कुशीत झोपली होती. आता तिच्या कपाळाला हात लावला, एकदम थंड. अर्धी मॅच उन्हात, आजोबांच्या खांद्यावर, कापसाशिवाय. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

माझ्या डोक्यात तो डावा पाय पुन्हा पुन्हा सरकत होता. मला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं. पण कुणाला? यांच्यापैकी एकानंही ती किक बघितली नव्हती. पन्नास माणसं आणि अख्खा बेंच माझ्याकडे बघत होता. बॉलकडे मी एकटी बघत होते.

पाटस गेल्यावर ईश्वर उठून समोरच्या सीटवर आला. डोळे सुजलेले. मग म्हणाला, "वहिनी, यूट्यूबवर बी न्हाई दिसत. त्यानं कॅमेरा तुमच्याकडं फिरवला हुता."

मी मैत्रीला दुसऱ्या हातावर घेतलं.

"काय झालं मला कळंना. नेहमीसारखीच मारली हुती. तुम्ही... बघितली का?"

"बघितली."

"मग?"

सांगू नये असं एक मन म्हणालं. बसू दे तसाच. पण मला राहवेना, दिवसभर हेच तर पोटात साचलं होतं. "लांबून धावलास. मधेच वर बघितलंस. टेकवायचा पाय बॉलपासून वीतभर लांब पडला आणि मुरमात सरकला. अंग मागे गेलं. अंग मागे गेलं की बॉल वरच जाणार."

तो स्वतःच्या डाव्या बुटाकडे बघत राहिला. तळाच्या खाचांमध्ये तांबडा मुरूम अजून अडकलेला होता. नखानं त्यानं एक खडा काढला.

वरवंड आलं. स्टँडवर दिवे लागत होते. रतनबाई उभीच होती, तिला कुणीतरी फोनवर कळवलं असणार. बस थांबल्या थांबल्या ती दारात चढली आणि पोराच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "आरं माझ्या वाघा! कुणाची रं नजर लागली?"

मला मागे वळून बघायची गरज नव्हती. सगळ्यांची नजर मानेवर कळत होती. रतनबाईलाही कळलं. तिची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. सकाळी जिच्या लेकरावरून तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या ती मी.

ईश्वरनं पिशवी खांद्याला अडकवली.

"नजरबिजर न्हाई, आये," तो म्हणाला. "पाय घसरला माझा. वहिनींनी सकाळीच सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई."

आणि आईला हाताला धरून तो उतरला.

बस निघाली. थोड्या वेळानं नागसेन पुढे आला, शेजारी उभा राहिला, वरच्या दांड्याला धरून. "दे तिला माझ्याकडे," तो म्हणाला. "हात अवघडला असेल तुझा."

अवघडला होता. मी झोपलेली पोर त्याच्याकडे दिली, पिशवीही दिली, थर्मासही दिला. तो बसायला वळला, मग थांबून हळूच म्हणाला, "तरी पण राजश्री, तू नुसती खाली बसून राहिली असतीस तर..."

मी खिडकीच्या फटीतला रुमाल काढला. चौफुल्याचा गार वारा आत आला.